कर्ता गाळलेलं वाक्य

कुओपिओत डिसेंबरात अडीचलाच उजेड संपतो,
म्हणून तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नाही
याचं कुणाला फारसं वाटत नाही.
तीन पडदे, दोन खुर्च्या
आणि आउलिक्की तान्स्कानेनचा थर्मास,
ज्यातली कॉफी ती कुणाला देत नाही.

पहिल्या दिवशी तिने फक्त निरोगी मेंदू दाखवले.
दुसऱ्या दिवशीही.
एकेक मिलिमीटरचे काप, पोथीची पानं उलटावीत तसे,
न बोलता.
तिसऱ्या आठवड्यात मी विचारलं, आजार कधी?
म्हणाली, घर पाठ झाल्याशिवाय
त्यातला चोर कसा ओळखशील?

राखाडी रंग मला नवा नव्हता.
बाबा गोठलेल्या कल्लावेसीवर मासे धरायला जायचे,
पहारीने टोचत टोचत, मागे मी.
काळा बर्फ माणूस पेलतो, पांढरा अर्धवट,
राखाडीवर पाऊल टाकायचं नाही.
हे मी तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं.
ती म्हणाली, बर्फाची आई बाहेर बाकावर बसलेली नसते.
पुढचा काप लाव.

एकतिसावी फाईल. एल्यास रिस्सानेन, वय एकोणीस.
लाकूड कापायच्या कारखान्यात होता, आता नाही.
फिट येण्याआधी त्याला पाइनच्या डांबराचा वास येतो,
इथे जो सगळ्यांना होड्यांचा, सौनाचा, सुट्टीचा वाटतो, तोच.
आठवड्यातून तीनदा. औषधं चार.
पाच वर्षांपूर्वीचा एमआरआय.
रिपोर्टवर तिने नेहमीसारखा तळहात ठेवला.

चार संध्याकाळी मी त्या मेंदूत हिंडले.
दोन्ही हिप्पोकॅम्पस मोजले: जुळे भाऊ.
मग वासाचा माग धरून कपाळाच्या तळाशी,
डोळ्यांच्या छपरावर.
तिथे एका घडीच्या अगदी बुडाशी
राखाडी आणि पांढऱ्यामधली रेघ
ओल्या बोटाने पुसल्यासारखी.
आत निघालेली एक पुसट शेपटी,
दुधात पाणी आहे का हे नुसत्या डोळ्यांनी ठरवावं, तेवढीच.
उजेड वाढवला, गेली.
कमी केला, आली.
पलीकडच्या बाजूची तीच घडी पाहिली: स्वच्छ.
पोटात आनंदासारखं काहीतरी हललं
आणि लगेच त्याची लाज वाटली.

आउलिक्कीने तळहात उचलला.
'विकृती आढळली नाही.'
खाली सही. तिची.

गेल्या मंगळवारी दिसली मला, ती म्हणाली.
पण या फाईलीत माझ्या डोळ्यांवर
आता माझाच भरवसा नाही.
तुला शिकवत नव्हते. विचारत होते.

थर्मासचं झाकण फिरवून तिने मला कॉफी ओतली.
आपल्या भाषेत, म्हणाली, 'नाही'लासुद्धा पुरुष असतो.
माझं 'नाही' वेगळं, तुझं वेगळं, त्याचं वेगळं.
तीन वर्षांचं पोरही ते चुकत नाही.
फक्त रिपोर्टात आपण कर्ता गाळतो.
आढळली नाही.
कुणाला?

आठवड्याला तीन, पाच वर्षं.
मी मनात गुणाकार केला.
तिने तो मंगळवारपासून
कितीदा केला असेल कोण जाणे.
बहिणीच्या लग्नात तो केकवर पडला,
हेही फाईलीत आहे, नर्सच्या तिरक्या अक्षरात.

गुरुवारी सर्जन विचारतील, नक्की का?
ईईजीवाले आपल्या रेघा पुढे सरकवतील,
पेटस्कॅनमध्ये तिथली साखर किती जळते ते पाहू,
आणि कदाचित कवटीतून बारीक तारा घालून
त्या घडीलाच विचारावं लागेल.

निघताना बाकावर एल्यास होता, आईच्या शेजारी,
टोपी हातात चुरगळत.
म्हणाला, ते काढलं,
आणि मग कधी सौनात डांबराचा वास आला,
तर तो खरा असेल ना?

बाहेर बर्फ पडत होता, आवाज न करता.
मी म्हटलं, मला अजून माहीत नाही.